मुंबईत नव्याने बाप होताय? दिवस राहिल्यापासून शाळेच्या दारापर्यंतची कामं

घरात गोड बातमी आली की सगळं घर होणाऱ्या आईभोवती गोळा होतं, आणि ते बरोबरच आहे. होणाऱ्या बापाला मात्र पेढे आणण्यापलीकडे कोणी काही सांगत नाही. डॉक्टर बायकोशी बोलतात, आई आणि सासूबाई एकमेकींशी बोलतात, ऑफिसातले मित्र "आता झोपून घे" एवढंच म्हणतात. मी दोन मुलांचा बाप आहे. राहतो भांडुपला, नोकरी फोर्टात. जे शिकायला लागलं ते क्रमाने लिहितोय, म्हणजे तुम्हाला प्रत्येक गोष्ट ऐन वेळी कुणाला तरी विचारत बसायला नको.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाळाचं निदान एक रोजचं काम पूर्णपणे तुमच्याकडे घ्या. त्याची आठवण कुणी करून द्यायची नाही, सामान कुठे ठेवलंय हे तुम्ही विचारायचं नाही, आणि मागचं आवरणंही तुमचंच. बाळाच्या अंगाची, रडण्याची, झोपेची ओळख त्या कामातूनच होते. दिवसाचे बारा तास घराबाहेर काढणाऱ्या माणसाला याहून चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही.

हाताशी काय काय हवं

- एक फाइल: सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, माता व बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, विवाह नोंदणीचा दाखला, रेशनकार्ड, विम्याचे कागद. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स.
- डिजिटल थर्मामीटर.
- जुन्या धुतलेल्या सुती साड्यांचे किंवा धोतराचे लंगोट आणि पंचे. नवं कापड बाळाला टोचतं.
- प्लॅस्टिकचा टब आणि मच्छरदाणी.
- बाळाच्या डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलेला. तुमचा मोबाइल ट्रेनमध्ये असताना घरच्यांना नंबर लागतो तेव्हा त्या कागदाची किंमत कळते.

१. हॉस्पिटलात नाव घालताना सोबत जा

नाव घालायला, म्हणजे बाळंतपणासाठी नोंदणी करायला, बायकोला आईबरोबर पाठवून मोकळे होऊ नका. पहिल्या भेटीत डॉक्टर जे विचारतात त्यात तुमच्या घरातला मधुमेह, रक्तदाब, थॅलेसेमिया हेही येतं, आणि त्याची उत्तरं तुमच्याकडेच असतात. दर महिन्याला सुट्टी मिळत नसेल तर निदान अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानची मोठी सोनोग्राफी चुकवू नका. बाळाच्या अवयवांची वाढ त्यात पाहतात आणि काही शंका निघाली तर निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असतात.

मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नातेवाइकांकडून "काही कळलं का?" असा प्रश्न आला तर तो तुमच्यापाशीच थांबवा. बायकोपर्यंत जाऊ देऊ नका.

बायको लोकलने कामाला जात असेल तर गरोदर महिलांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, हे तिला सांगा. पुष्कळ जणींना ते माहीत नसतं.

२. हॉस्पिटलचा रस्ता पावसाळ्यासकट ठरवा

तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर हे काम आजच करा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरतं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की रस्ते तासन्‌तास अडतात. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या वेळा महापालिका आधीच जाहीर करते. त्या लिहून ठेवा आणि सबवे टाळणारा एक रस्ता एखाद्या रविवारी जाऊन पाहून या. हॉस्पिटल परळ भागातलं असेल आणि तारीख गणपतीत येत असेल तर लालबागची गर्दी आणि बंद केलेले रस्ते धरून चाला.

रुग्णवाहिकेसाठी १०८, रस्त्यात पाणी किंवा झाड पडलं असेल तर महापालिकेचा १९१६. ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याशी आधी बोलून ठेवा. रात्री दोनला ॲपवर गाडी मिळेलच असं नाही.

काही हॉस्पिटलांत बापाला लेबर रूममध्ये घेतात, काहींत दाराबाहेर बसवतात. सार्वजनिक रुग्णालयांत सोबतीला बहुधा बाईमाणूसच चालतं. नाव घालतानाच हे विचारून घ्या. ऐन वेळी दारात वाद घालून काही हाती लागत नाही, उलट आत बायकोला ते ऐकू जातं.

३. बाळंतपण माहेरी असेल तर

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे आणि त्यात बायकोला आराम मिळतो, आईचा हात मिळतो. पण बाप मुंबईत आणि बाळ साताऱ्यात किंवा कुडाळला, असं तीन महिने गेले की बाळ घरी येतं तेव्हा तुम्ही त्याला पाहुणे असता. म्हणून काही गोष्टी ठरवून करा.

सगळी रजा जन्माच्या वेळी संपवू नका. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज पडते ती बायको बाळाला घेऊन मुंबईला परत येते, सोबत आलेली आई आठ दिवसांनी गावी जाते आणि घरात ती दोघंच उरतात तेव्हा. केंद्र सरकारी नोकरीत पितृत्व रजा १५ दिवसांची असते आणि ती बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यावी लागते. खासगी नोकरीत अशी रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, कंपनीचा नियम काय आहे ते तुम्हालाच विचारावं लागेल. नसेल तर हक्काच्या रजा आतापासून साठवा.

सासरी गेलात की जावई म्हणून पाटावर बसू नका. जेवून उठलात की बाळाला घ्या, लंगोट बदला. सासूबाई सुरुवातीला संकोचतात, "अहो, राहू द्या" म्हणतात. दुसऱ्या खेपेला त्याच म्हणतात, "तुम्ही घेताय ना, मग मी जरा पडते."

आणि लक्षात ठेवा, जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. साताऱ्यात जन्मलेल्या बाळाचा दाखला मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात मिळत नाही.

४. पहिले चाळीस दिवस: हाताने करायची कामं

दूध पाजणं सोडलं तर बाळाचं एकही काम असं नाही की जे बापाला जमत नाही. यातलं एक निवडा आणि तेच रोज करा.

*ढेकर काढणं.* कामावर जाणाऱ्या बापासाठी मला हे सगळ्यात चांगलं वाटतं, कारण ते रात्रीही करता येतं. आईने पाजलं की बाळ तुमच्याकडे. खांद्यावर पंचा टाका, कारण बाळ थोडं दूध टाकणारच. बाळाची हनुवटी खांद्याच्या वर राहील असं उभं धरा, एक हात बुडाखाली. दुसऱ्या हाताची ओंजळ करून पाठीवर खालून वर हलके थोपटा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. ढेकर नाहीच आली तरी तेवढा वेळ उभं धरलेलं पुरतं. मग लंगोट पाहा, ओला असेल तर बदला, पाठीवर झोपवा. आई तोवर झोपी गेलेली असते. रात्रीच्या प्रत्येक पाजण्यामागे तिला मिळालेली अर्ध्या तासाची झोप दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला दिसते.

*लंगोट.* पहिले एक-दोन दिवस शी काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती नेहमीची आहे. मग ती पिवळी होत जाते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने चोवीस तासांत सहा वेळा तरी शू केली तर दूध पुरतंय असं समजा. मोजायचं काम तुमचं. फ्रिजवरच्या त्या कागदावरच रेघा मारा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं आणि दोन आठवड्यांत बहुधा भरून निघतं, तेव्हा कोणी "दूध पुरत नाही, डबा सुरू करा" म्हणालं तर आधी रेघा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत. दमट लंगोटाने अंगावर पुरळ येतं, म्हणून प्रत्येकावर इस्त्री फिरवा. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये दोरीला जागा नसते, तिथे इस्त्रीवाचून गत्यंतर नाही.

*आंघोळ.* पाणी कोपराने तपासा, तळहाताला गरम कमी लागतं. नाळ पडेपर्यंत अंग ओल्या कापडाने पुसून घेतलं तरी चालतं. नाळेवर हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. ती कोरडी राहिली की एक-दोन आठवड्यांत आपोआप पडते. टबात बाळाला घालताना तुमच्या डाव्या हाताचं मनगट त्याच्या मानेखाली, आणि तोच पंजा त्याच्या लांबच्या दंडाभोवती. साबण लागल्यावर बाळ फार निसरडं होतं, ही पकड सुटू देऊ नका.

*छातीवर घेणं.* शर्ट काढून बाळाला फक्त लंगोटावर छातीशी घ्या, वरून चादर. कमी वजनाच्या बाळांसाठी रुग्णालयात हे मुद्दाम करायला सांगतात आणि बापानेही ते करता येतं. बाळ वेळेआधी जन्मलं आणि आईचं दूध पुरेसं नसेल तर दूधपेढीची चौकशी करा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मानवी दूधपेढी आहे, आशियातली पहिली.

झोपताना बाळ पाठीवर, कडक गादीवर, आजूबाजूला उशा आणि जाड दुलया नकोत. घर लहान आणि सगळे एका गादीवर असले तर हे जास्तच सांभाळा. दारू प्यायलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. सिगारेट ओढत असाल तर ती सोडायची वेळ आली आहे, गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांतून घरात येतोच.

५. घरातल्या मोठ्यांशी कसं बोलायचं

ही पायरी बापाचीच आहे. तुमच्या आईशी बोलायचं ओझं बायकोवर टाकलंत तर घरात उगाच दोन बाजू पडतात.

वाद होतो तो ठरावीक गोष्टींवरून. जन्मल्यावर मध चाटवणं: एक वर्षापर्यंत मध नको, त्यातून लहान बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. गुटी आणि पाणी: सहा महिने फक्त आईचं दूध, मे महिन्यातल्या उकाड्यातही वरून पाणी लागत नाही. डोळ्यांत काजळ नको. आंघोळीनंतरची धुरी बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तर तो धूर जातही नाही.

आजींना मोडून काढू नका. त्यांनी घरातली चार-पाच मुलं वाढवली आहेत आणि बाळाला शांत करायचं कसब त्यांच्याकडे आहे. लसीच्या दिवशी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्या मान्य करतात. नाही म्हणाल त्याच्या बदल्यात एक काम त्यांच्याकडे सोपवा: तेल लावणं, अंगाई, बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. तीट गालावर किंवा तळपायावर लावली तर बिघडत नाही.

६. लसी, आणि औषधाच्या बाटलीचा सापळा

जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी (ही २४ तासांच्या आत). मग दीड, अडीच आणि साडेतीन महिने. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. १६ ते २४ महिन्यांत पुढचे डोस, पाच वर्षांनंतर पुन्हा बूस्टर. सरकारी वेळापत्रकातल्या लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत मोफत मिळतात आणि त्या खासगीपेक्षा कमी दर्जाच्या नसतात. खासगी डॉक्टर आणखी काही लसी सुचवतात, त्यांतलं काय गरजेचं आहे ते सरळ विचारा. बीसीजी टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, त्याला हात लावू नका.

लसीनंतर ताप आला तर पॅरासिटामॉल देतात, डोस बाळाच्या वजनावर ठरतो. सापळा इथे आहे: थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध असतं, आणि सिरपमध्ये ५ मिलीलीटरमध्ये १२० किंवा २५० मिलीग्रॅम. थेंबांचं औषध १२० च्या सिरपच्या मापाने दिलंत तर चौपट डोस पोटात जातो. म्हणून डॉक्टरांकडून बाटलीचं नाव आणि मिलीलीटर दोन्ही लिहून घ्या, आणि बाटलीसोबत आलेलीच पिचकारी वापरा. चमचा नको.

७. सकाळची वाट पाहायची नाही अशा वेळा

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि यांतलं एकही दिसलं तर ताबडतोब निघा:

- दूध ओढत नाही, किंवा जागं करूनही गळून पडतंय
- ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, अंग गार पडणं
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती खाली आत ओढली जाणं
- झटके
- तळहात-तळपायापर्यंत पोचलेला पिवळेपणा

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, शर्ट वर करून, घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट. बाळ बरं असताना दोन-चार वेळा मोजून सवय करा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० हा आकडा लक्षात ठेवा.

८. बाळाच्या आईकडे पाहा

पहिल्या आठवड्यात बायको कारणाशिवाय रडली तर बहुतेक वेळा ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी तशीच असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "बाकीच्या बायकांना नाही होत" हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिने स्वतःला किंवा बाळाला इजा करायचं बोलून दाखवलं तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच तासाला रुग्णालय गाठा. हे सगळं बापालाही होऊ शकतं. तुम्हाला घरी यावंसंच वाटेनासं झालं तर तोच नंबर तुमच्यासाठीही आहे.

९. कागदपत्रं

*जन्म दाखला.* हॉस्पिटलातला जन्म हॉस्पिटलच कळवतं, मुदत २१ दिवसांची. पण फॉर्मवर सही करण्याआधी तुमचं आणि बायकोचं नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर मराठीत आणि इंग्रजीत तपासा. दाखल्यातली दुरुस्ती पुढे फार चकरा मारायला लावते. बारशाआधी नाव ठरलं नसेल तर घाई करू नका. नावाशिवाय नोंद होते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क टाकता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, आधार, परवाना सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, म्हणून तो अचूक हवा. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम लिहायचा आहे.

*बाल आधार.* पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांचं आधार आणि जन्म दाखला लागतो. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यायचे.

*बाकी.* ऑफिसच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव टाकायला मुदत असते, पहिल्याच आठवड्यात एचआरला मेल करा. रेशनकार्डात नाव चढवा. मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली आणि कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर ‘लेक लाडकी’ योजनेत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. अंगणवाडी सेविकेला विचारा.

१०. रात्री साडेआठनंतर

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की तुमच्या हातात रोज जेमतेम तासभर उरतो, आणि दोघंही दमलेले असता. त्या तासात मोबाइल दाराजवळ ठेवा. दोन वर्षांपर्यंत मुलाला पडदा दाखवूच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. पण मूल मोबाइल मागतं ते आपल्या हातात सतत दिसतो म्हणून.

जेवण भरवणं, दात घासणं, गोष्ट सांगणं यांतलं एक कायमचं तुमचं ठेवा. गोष्ट रोज नवी लागत नाही. माझ्या मुलीला महिनोन्‌महिने ठाण्याच्या खाडीवरच्या एका रोहित पक्ष्याचीच गोष्ट लागायची, आणि मी वाक्य बदललं की ती दुरुस्त करायची.

हट्ट, आदळआपट होणारच. भूक, झोप आणि उकाडा यांपैकी काय आहे ते आधी पाहा, निम्मी रडारड तिथेच संपते. हात उगारू नका. खाली बसा, डोळ्यांच्या उंचीला या, एकच वाक्य हळू आवाजात बोला: "तुला राग आलाय, मी इथे आहे, पण फेकायचं नाही." तुमचा आवाज चढला तर शांत झाल्यावर मुलाची माफी मागा. बापाने मुलाला सॉरी म्हटल्याने मान कमी होत नाही.

शाळेच्या पालकसभेला आळीपाळीने जा. वर्गशिक्षिकेला तुमचा चेहरा माहीत हवा.

११. रविवार

आठवड्यातून एकदा काही तास मुलाला तुम्ही एकट्याने बाहेर न्या. बायकोला तो वेळ पूर्ण मोकळा द्या, फोन करून "हिचा टॉवेल कुठे आहे" विचारू नका. राणीची बाग बुधवारी बंद असते, रविवारी सकाळी उघडल्या उघडल्या पोचलात तर पेंग्विन गर्दीविना दिसतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र चार वर्षांपुढच्या मुलांसाठी छान. फुकटातलं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे ओहोटीच्या वेळी हाजी अली किंवा वांद्र्याच्या कार्टर रोडचे खडक. डबक्याकाठी दोन मिनिटं न हलता बसलात तर रिकामा वाटलेला शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा असतो. भरतीची वेळ पाहून जा, पावसाळ्यात मुळीच नको, आणि शेवाळ असलेल्या खडकावर पाय देऊ नका.

लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. स्लो गाडी घ्या, शक्यतो जिथून सुटते तिथूनच बसा, आणि मुलाला दारापासून दूर कडेवर ठेवा. स्कूटरवर नेत असाल तर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि तुमच्या अंगाला बांधणारा पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पिशवीत पाणी, एक केळं, ओला रुमाल आणि दोन जोडी कपडे घ्या, त्यातला एक शर्ट तुमच्या मापाचा.